घराचा विमा : स्वस्त कसा आणि पुरेसा कसा?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नव्हे. मध्यमवर्गीय माणसाची जन्मभराची पुंजी घरात जाते. आयुष्याचा विमा तो हौसेने उतरवतो, वाहनाचा कायद्याच्या धाकाने उतरवतो. घराचा मात्र बहुधा उतरवीत नाही. विचारले तर दोन उत्तरे मिळतात. एक, 'असले अभद्र कशाला बोलायचे?' आणि दुसरे, 'ते आपल्याला परवडणारे नाही.' पहिल्या उत्तरावर माझ्यापाशी इलाज नाही. दुसरे मात्र गैरसमजातून आलेले आहे, आणि तो दूर करण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

संकट दूरचे आहे असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे हादरलेले किल्लारी, ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्यात बुडालेली सांगली आणि कोल्हापूर, जुलै २०२१ मधले चिपळूण आणि महाड. ही यादी आपल्या परिचयाची आहे. अशा वेळी सरकार मदत देते; पण ती सानुग्रह मदत असते, भरपाई नव्हे. चूल पुन्हा पेटावी एवढाच तिचा हेतू. पडलेली भिंत त्यातून उभी राहतेच असे नाही.

विम्याचे तत्त्व साधे आहे. हजारो घरमालक थोडे थोडे पैसे एकत्र ठेवतात आणि ज्याच्यावर आपत्ती येते त्याला त्यातून उभे करतात. एका वर्षात हजारांपैकी फार थोड्या घरांचे नुकसान होते, म्हणून घरविम्याचा दर शेकड्यावर नव्हे, हजारावर सांगतात. मग तो महाग का वाटतो? कारण आपण हिशेबच चुकीच्या आकड्यापासून सुरू करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, ६०० चौरस फूट चटई क्षेत्राच्या फ्लॅटची बाजारातली किंमत ४५ लाख रुपये आहे. मालक ४५ लाखांचा विमा मनात धरतो आणि घाबरतो. पण या किमतीत जमिनीची किंमत आहे, मोक्याच्या जागेची किंमत आहे. जमीन जळत नाही आणि जागेचे मोल पुरात वाहून जात नाही. विमा उतरवायचा तो घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला तर ती रक्कम होते १२ लाख. हप्ता ४५ लाखांवर नव्हे, १२ लाखांवर बसतो.

मात्र हप्ता वाचवण्यासाठी रक्कम मुद्दाम कमी दाखवू नये. अग्निविम्यात सरासरीचा नियम असतो. २० लाखांच्या बांधकामाचा १० लाखांचाच विमा असेल आणि ४ लाखांचे नुकसान झाले, तर या नियमाप्रमाणे हाती २ लाखच पडतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई!

या दृष्टीने १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सामान्य माणसाला सोयीची आहे. तिला सरासरीचा नियम लागू नाही. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, दंगल हे धोके तिच्यात येतात. घराच्या विम्याबरोबर सामानालाही, यादी न देता, विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो. पण एरवीची घरफोडी तिच्यात धरलेली नाही. ते संरक्षण वेगळे घ्यावे लागते. दागिन्यांचेही तसेच.

पॉलिसीचा मूळ मसुदा सर्व कंपन्यांचा सारखा, दर मात्र ज्याचा त्याचा. म्हणून दोन-चार ठिकाणी भाव विचारावा. भाजी घेताना आपण एवढे तर करतोच. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीच्या सचिवांना विचारावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाविरुद्ध विमा उतरवण्याची तरतूद आहे. तो उतरवलेला असेल तर त्याच भिंतींसाठी दुसऱ्यांदा पैसे भरण्याचे कारण नाही. आपण सामानाचे पाहावे.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. गृहकर्ज घेताना काढलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. त्याच्या मृत्यूनंतर कर्ज फिटते. पण घर पडले तर त्या विम्यातून एक वीटही येत नाही. घरी कर्जाची कागदपत्रे असतील तर हे एकदा वाचून पाहावे.

अर्जात बांधकामाचा प्रकार खरा लिहावा. भिंती मातीच्या असतील तर तसे सांगून कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. घराची आणि सामानाची छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या घराबाहेर दुसऱ्या ठिकाणीही ठेवाव्यात. पुरात कपाटाबरोबर पावत्याही जातात. नुकसान होताच कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षक येण्यापूर्वी मोडतोड हलवू नये. हलवणे भागच असेल तर आधी छायाचित्रे काढावीत. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क पडत नाही. मुंबईप्रमाणे पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे.

ज्याची चार घरे आहेत त्याचे एक पडले तर त्याला तीन उरतात. ज्याचे एकच आहे त्याला या विम्याची खरी गरज, आणि 'परवडत नाही' म्हणून तो घेत नाही तोही तोच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बँकेचे आणि विम्याचे कागद आपणच वाचून दाखवतो. या सुट्टीत घरविम्याचा हिशेबही वडीलधाऱ्यांपुढे मांडून पाहावा, एवढीच विनंती.