धुऱ्यावरचे शिकारी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्च महिना होता. हरभऱ्याची सोंगणी आटोपली होती आणि शाळेलगतच्या वावरांचे धुरे पेटविण्याचे काम सुरू होते. सायंकाळी वसतिगृहातील तीन मुले घमेल्यात दोन पिल्ले घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. "सर, बिबट्याची पिल्लं सापडली!" तोवर हीच वार्ता गावात पोहोचली होती आणि काही मंडळी काठ्या घेऊन निघालीही होती. वनविभागाच्या कर्मचाऱ्याने पिल्ले पाहताच सांगितले, की ही बिबट्याची नव्हेत, रानमांजराची आहेत. त्याच्या सूचनेप्रमाणे अंधार पडण्यापूर्वी घमेले होते त्याच ठिकाणी ठेवून आम्ही दूर थांबलो. रात्री उशिरा आई आली आणि एक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. दुसऱ्याचे पाय भाजले होते. ते तिच्या येण्यापूर्वीच मरण पावले होते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, हे वर्गात अभिमानाने सांगणारे. परंतु शाळेच्या कुंपणापलीकडच्या धुऱ्यावर कोण राहते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या पिल्लाने आम्हांला पुन्हा विद्यार्थी केले. तेव्हापासून जे वाचले व पाहिले, ते माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर मांडावे, म्हणून हा लेखप्रपंच.

वऱ्हाडात प्रामुख्याने दोन लहान रानटी मार्जारांची ओळख करून घ्यावी. पहिले रानमांजर. घरच्या मांजराहून उंच, लांब पायांचे, वाळूच्या रंगाचे. शेपूट आखूड असून तिच्या टोकाकडे काळी वलये असतात आणि कानांच्या टोकांवर काळ्या केसांचा लहानसा झुपका असतो. नाव रानमांजर असले, तरी त्याला घनदाट रान लागत नाही. उंच गवत, नाल्याकाठची झुडपे, तुरीचे व कपाशीचे वावर त्याला पुरते. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर या भागांतील पूर्णाकाठचा खारपाणपट्टा म्हणजे त्याच्या सोयीचा मुलूख होय.

दुसरी वाघाटी. ही जगातील सर्वांत लहान रानटी मार्जारांपैकी एक. वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या मांजराच्या निम्म्यानेही कधी कधी कमीच. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत ती आढळते. करड्या अंगावर तांबूस ठिपके असतात आणि त्यामुळेच लोक तिला बिबट्याचे पिल्लू समजतात. ती रात्री हिंडते, झाडावर सहज चढते आणि उंदीर, बेडूक, सरडे व लहान पाखरे यांवर जगते. मेळघाटात तिचा वावर आहे. पश्चिम महाराष्ट्रात तर ऊसतोडणीच्या वेळी तिची पिल्ले उसाच्या फडात सापडतात.

एवढासा प्राणी शिकार कशी साधतो? त्याचे उत्तर त्याच्या शरीरात आहे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर मांजराला सुमारे ८५,००० हर्ट्झपर्यंतचा. उंदरांचे आपसांतील चीत्कार बरेचदा आपल्या श्रवणमर्यादेच्या वर असतात. आपल्याला शांत वाटणारे वावर मांजराला मात्र बोलके असते. त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात, म्हणून गवताआडचा उंदीर न पाहताही त्याची जागा कळते. डोळ्यांच्या मागील चकाकणारा पडदा आत आलेला प्रकाश परत फिरवतो, त्यामुळे आपल्याला लागणाऱ्या उजेडाच्या सहाव्या हिश्श्यातही त्याचे काम भागते. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच पडतो, म्हणून पाचोळा फारसा वाजत नाही. नखे आवरणात मिटलेली असतात, ती झिजत नाहीत आणि झडपेच्या क्षणीच बाहेर येतात. अगदी जवळचे मात्र मांजराला धूसर दिसते. तेव्हा मिशा पुढे वळतात आणि भक्ष्य कोठे आहे ते सांगतात. शेवटी सुळे मानेच्या मणक्यांमध्ये नेमके उतरतात.

आकार आणि कौशल्य यांचा संबंध आपण समजतो तसा नसतो. दक्षिण आफ्रिकेत काळ्या पायांचे एक चिमुकले रानमांजर आहे. अभ्यासकांच्या निरीक्षणात त्याचे दहांपैकी सुमारे सहा प्रयत्न यशस्वी ठरले आणि एका रात्रीत त्याने दहा ते चौदा जीव टिपल्याची नोंद झाली. वनराज म्हणवणाऱ्या सिंहाला दहांतून दोन-तीन वेळाच यश येते. मोठ्याला एक शिकार अनेक दिवस पुरते. लहानाला रोज, अनेकदा आणि अचूकच मारावे लागते.

याचा शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीरवर्गीय प्राणी खाते, असा अंदाज २००४ मध्ये मांडण्यात आला. म्हणजे वर्षाला हजाराहून अधिक. हरभऱ्याचे घाटे कुरतडणारे, कुटाराच्या गंजीत पोसणारे, पोत्यांना भोके पाडणारे उंदीर यांचा असा विनावेतन बंदोबस्त दुसरे कोण करतो? आपण मात्र उंदरांसाठी विषारी आमिष पेरतो. त्याने अर्धमेला झालेला उंदीर सर्वांत आधी सापडतो तो याच शिकाऱ्याला. रानमांजर प्रसंगी कोंबडी पळवते, हेही खरे. त्यावर उपाय रात्री खुराडे नीट बंद करणे हा आहे, काठी हा नव्हे.

घरच्या मांजराचे नातेही धान्याशीच आहे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला आहे. पाळीव झाले, तरी त्याच्यातील शिकारी निवाला नाही. पोट भरलेले मांजरही हलणाऱ्या पाखरावर झेप घेतेच. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक पक्षी बेवारस मांजरांनी मारलेले होते. रानमांजर उपाशी राहिले तर त्याची संख्या घटते, निसर्ग त्याला आवर घालतो. आपल्या शिळ्या भाकरीवर जगणाऱ्या मांजराला आणि कुत्र्याला तो आवर राहत नाही. शिवाय त्यांचे रोग रानातल्या नातलगांना लागतात. म्हणून पाळीव प्राण्यांना लस टोचणे, त्यांची नसबंदी करणे आणि रात्री त्यांना घरात ठेवणे, ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

मांजर आडवे गेले की काम बिघडते, असे मानणारे आजही आहेत. प्रत्यक्षात उलटे घडते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. रस्ता चांगला झाला, याचा आनंदच आहे. पण अंधारात तो ओलांडणाऱ्या प्राण्याला आपण आडवे जातो आणि जीव त्याचा जातो. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये सजीवांविषयी भूतदया आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही कर्तव्ये लागोपाठच्या खंडांत आली आहेत. आम्हांस तो क्रम अर्थपूर्ण वाटतो. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्यावर करुणा तरी कशी करणार?

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोकाने कोरविलेला पाचवा स्तंभलेख आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो. त्यात पोपट, मैना, हंस, कासव, साळिंदर अशा अवध्य जीवांची यादी आहे आणि जे उपयोगी पडत नाहीत व खाल्लेही जात नाहीत, असे सर्व चतुष्पादही तीत येतात. रानमांजर याच वर्गातले. पुढे तो लेख सांगतो, की ज्यात जीव आहेत असे तूस जाळू नये आणि विनाकारण वने पेटवू नयेत. 'तूस' या शब्दावर आम्ही वर्गात कधी थांबलो नव्हतो. त्या रात्री घमेल्याजवळ बसून तो शब्द आम्हांला कळला. तूस म्हणजे आपले कुटार, आपली धसकटे, आपला धुरा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आज स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या वावरात राबतात. त्यांना एवढीच विनंती. धुरा जाळू नका, पालापाचोळा वावरातच कुजू द्या. जाळणे अटळच झाले, तर आधी काठीने गवत हलवून पाहा. पिल्ले दिसली तर उचलू नका, गर्दी करू नका, आई बहुधा जवळच असते. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हे प्राणी पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे.

त्या वर्षानंतर शाळेच्या बाजूचा धुरा आम्ही जाळलेला नाही. गवत वाढले आहे. पावसाळ्यानंतर ओल्या मातीत कधी कधी एका ओळीत पडलेले गोल ठसे दिसतात, नखांच्या खुणा नसलेले. मुले ते पाहतात आणि बाजूने जातात.