जागती भिंत

उन्हाचा ताप असह्य झाला म्हणजे गुरे झाडाच्या सावलीला येऊन उभी राहतात. वादळ सुटले म्हणजे पाखरे आडोसा शोधतात. पाणवठा आटला म्हणजे हरणांचे कळप दुसऱ्या पाणवठ्याकडे वळतात. परंतु ज्या झाडाच्या सावलीत गुरांनी आसरा घेतला, त्या झाडाने कोणाच्या सावलीला जावे? ज्या जागी बीज रुजले, त्याच जागी त्याला जन्मभर उभे राहावयाचे असते. ऊन असो, वारा असो, दुष्काळ असो वा कीड असो, येईल त्या संकटाला जागच्या जागी तोंड देणे त्याला प्राप्त असते.

झाड हालत नाही, बोलत नाही. म्हणून ते सारे मुकाट्याने सोशीत असावे, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. संकटाची चाहूल लागताच वनस्पतीच्या शरीरात मोठी धावपळ सुरू होते. ही चाहूल तिला ज्या ठिकाणी लागते, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे तिच्या प्रत्येक पेशीभोवती असलेली भिंत होय. या भिंतीला पेशीभित्तिका असे म्हणतात.

१६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या एका पातळ कापाचे वर्णन केले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहताना त्या कापात त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान लहान खोल्या दिसल्या. त्यांना त्याने ‘सेल’, म्हणजे कोठडी, असे नाव दिले. आपण मराठीत त्यांना पेशी म्हणतो. नवल असे, की हूकने पाहिलेल्या त्या पेशी केव्हाच मरून गेल्या होत्या. बूच ही एका झाडाची साल. तिच्या पेशींतील सजीव भाग नाहीसा झाला होता आणि मागे उरल्या होत्या त्या नुसत्या भिंती. माणसाला पेशीचे पहिले दर्शन घडले, ते असे तिच्या रिकाम्या घराचे! पुढेही पुष्कळ काळ पेशीभित्तिका म्हणजे एक निर्जीव पेटी, अशीच समजूत प्रचलित होती.

ही भिंत कशाची बनलेली असते? कापसाच्या बोंडातून एक तंतू वेगळा काढून पाहा. तो तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची लांबच लांब वाढलेली एकच पेशी असते. ती वाळली म्हणजे जे उरते, ती बहुतांशी तिची भित्तिकाच असते. सुती सदरा अंगात घालताना आपण कपाशीच्या असंख्य पेशींच्या भिंतीच पांघरीत असतो. कापसात ज्या पदार्थाचा भरणा सर्वांत अधिक असतो, त्याला सेल्युलोज असे नाव आहे. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली वनस्पतींतून तो वेगळा काढून दाखविला.

कोवळ्या, वाढत्या पेशीची भित्तिका मात्र नुसत्या सेल्युलोजची नसते. तुम्ही खेड्यातील कुडाची भिंत पाहिली असेल. तिच्यात काठ्या किंवा काटक्या एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि त्यांवर मातीचा गिलावा असतो. काठ्यांमुळे भिंतीला बळकटी येते, मातीमुळे ती सलग राहते. पेशीभित्तिकेची रचना काहीशी अशीच असते. सेल्युलोजचे धागे या तिच्या काठ्या. आपल्या केसाच्या मानाने ते हजारो पटींनी बारीक असतात. त्यांच्यामध्ये भरलेला चिकट पदार्थ म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट होते, ती याच पेक्टिनमुळे. पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवण्याचे काम कॅल्शियमचे कण करतात. अशी ही भिंत पुष्कळदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही जाड नसते. तरीही तिची शक्ती विलक्षण असते.

एवढ्या शक्तीचे प्रयोजन काय? फुटबॉल आठवा. त्याच्या आत रबराचा फुगा असतो आणि बाहेर चामड्याचे वेष्टन असते. आतील हवा फुग्याला बाहेर रेटते आणि चामडे त्याला आवरून धरते; म्हणूनच चेंडू टणक होतो. वनस्पतीच्या पेशीत हवेचे काम पाणी करते. पाण्याने भरलेली पेशी आपल्या नाजूक पटलाला बाहेर रेटते आणि पटलाबाहेरची भित्तिका त्याला आवरून धरते. हा आतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या पुष्कळदा दुप्पट किंवा तिप्पट असतो. भित्तिका नसती, तर पाणी शोषताच पेशी फुटून गेली असती.

मेथीची जुडी दुपारपर्यंत उघड्यावर राहिली, की तिची पाने मान टाकतात. पाण्यात ठेवली, की पुन्हा टवटवीत होतात. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की त्यांना पाणी सुटते आणि त्या लिबलिबीत होतात. पेशींतील पाणी कमी झाले, दाब उतरला, भिंतीवरील ताण गेला. यामुळे हे घडते. याचा अर्थ असा, की पेशीवर येणारी अनेक संकटे भिंतीवरील ताणात उमटतात. पाणी तुटले की ताण उतरतो. वाऱ्याने खोड वाकले, की एका बाजूची भिंत ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूची दाबली जाते. भिंतीला भगदाड पडले, की तिची वीणच उसवते. ज्याला भिंतीची नाडी पाहता आली, त्याला संकटाची वार्ता लवकर कळेल!

भिंतीची ही नाडी पाहणारे पहारेकरी पेशीजवळ असतात. भित्तिकेच्या आतल्या बाजूला चिकटून असलेल्या पटलात निरनिराळी प्रथिने रोवलेली असतात. त्यांपैकी काहींचे एक टोक बाहेर भित्तिकेकडे असते आणि दुसरे टोक पेशीच्या आत असते. भित्तिकेत काही बिघडले, की बाहेरच्या टोकाला ते जाणवते आणि आतल्या टोकाकडून त्याचा संदेश निघतो. दुसरी काही प्रथिने दारांसारखी असतात. पटल ताणले गेले, की ती दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. एरवी पेशीच्या आतील द्रवात कॅल्शियमचे प्रमाण अत्यल्प राखलेले असते. त्यामुळे ते एकाएकी वाढणे, हीच धोक्याची घंटा ठरते. ही घंटा वाजली, की पेशीची कामे बदलतात. भिंतीसाठी नवे सामान तयार होऊ लागते. वाढीचा वेग आवरला जातो.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. दुबळ्या भिंतीचे रोप खुंटते, ते भिंत दुबळी असल्यामुळे, की पहारेकऱ्याने ‘थांबा’ म्हटल्यामुळे? या प्रश्नाचा उलगडा फ्रान्समधील व्हर्साय येथील शास्त्रज्ञांच्या एका प्रयोगाने झाला. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस नावाच्या एका चिमुकल्या रानरोपावर त्यांनी हा प्रयोग केला. या रोपाचा एक सदोष वाण त्यांच्यापाशी होता. त्याला सेल्युलोज पुरेसे बनविता येत नसे आणि अंधारात उगविलेली त्याची रोपे आखूडच राहत. या वाणाला त्यांनी ग्रीक पुराणकथेतील प्रॉक्रस्टीस या दुष्टाचे नाव दिले होते. हा प्रॉक्रस्टीस वाटसरूंना आपल्या पलंगावर निजवी. जो पलंगाहून लांब असेल त्याचे पाय तोडी आणि जो आखूड असेल त्याला ओढून ताणी. शेवटी थीसियस नावाच्या वीराने त्याचा निःपात केला.

शास्त्रज्ञांनी या आखूड वाणाच्या बियांत आणखी बदल घडवून आणले आणि त्यांपासून उगवलेली रोपे तपासली. तेव्हा काही रोपे इतरांहून उंच वाढलेली आढळली. त्यांच्यातील एक प्रथिन निकामी झाले होते. आश्चर्य हे, की या उंच रोपांतील सेल्युलोज मुळीच वाढले नव्हते. भिंत तितकीच दुबळी. रोप मात्र अधिक उंच! म्हणजे आधीच्या रोपांना आखूड ठेवीत होती ती केवळ दुबळी भिंत नव्हे. भिंत दुबळी आहे हे ओळखून वाढ रोखणारा एक पहारेकरी त्यांच्यापाशी होता. तो निकामी होताच आवरणारे कोणी उरले नाही. २००७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. प्रॉक्रस्टीसवर मात करणाऱ्या वीराची आठवण ठेवून या प्रथिनाला ‘थीसियस’ असे नाव देण्यात आले.

तुम्ही म्हणाल, असा पहारेकरी काय कामाचा? तो गेल्यावर रोप उंच झाले, हे बरेच नव्हे काय? याचे उत्तर दुसऱ्या एका पहारेकऱ्याच्या हकिकतीत मिळते. त्याचे नाव फेरोनिया. प्राचीन इटलीतील एका देवतेवरून हे नाव ठेवलेले आहे. खाऱ्या मातीत मुळांच्या पेशींचे पाणी तर तुटतेच, शिवाय भित्तिकेतील पेक्टिनचे बंधही सैल पडतात. निरोगी रोपाचे मूळ अशा वेळी काही तास वाढ थांबविते आणि मग पुन्हा वाढू लागते. २०१८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी फेरोनिया नसलेली रोपे खाऱ्या माध्यमात वाढवून पाहिली. त्या मुळांनीही थांबून पुन्हा वाढण्यास सुरुवात केली. परंतु वाढता वाढता त्यांच्या पेशी फटाफट फुटू लागल्या. भिंत मऊ पडली आहे, हे सांगणारा कोणी नव्हता. म्हणून ती सावरलीच गेली नाही. पहारेकऱ्याचे मोल असे संकटाच्या वेळी कळते.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी शिरून भातशेती खारावते. इतरत्रही अतिरिक्त पाण्यामुळे चांगल्या जमिनी क्षारपड होतात. अशा जमिनींत तग धरणारे वाण शोधणाऱ्यांना मुळांच्या भिंतींचे हे ज्ञान उपयोगी पडण्यासारखे आहे.

क्षाराप्रमाणे बुरशीचाही हल्ला भिंतीवरच होतो. बुरशी आपल्या रसाने पेक्टिन विरघळविते आणि भिंतीतून वाट काढू पाहते. परंतु पेक्टिनचे तुटलेले तुकडेच चोर आल्याची वर्दी देतात! वर्दी पोहोचताच पेशी त्या जागी आतल्या बाजूने कॅलोज नावाच्या पदार्थाचा थर चढवू लागते. वाऱ्याशी मात्र झाड निराळ्या रीतीने सामना करते. उघड्या माळावर वाऱ्याचे हिसके खाणारे झाड ठेंगणे आणि बुंध्याशी जाड होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत घेवडा, काकडी इत्यादींच्या कोवळ्या खोडांना दररोज थोडा वेळ हलकेच चोळण्यात आले. तेवढ्यानेही ती खोडे आखूड राहिली. हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. घेवड्याची रोपे दोन कुंड्यांत लावा. एका कुंडीतील खोडांवरून रोज सकाळ-संध्याकाळ बोट हळुवार फिरवा. दुसऱ्या कुंडीला हात लावू नका. आठवडाभर दोन्हींची उंची मोजून वहीत लिहून ठेवा.

वनस्पतीला आपल्यासारखा मेंदू नाही, मज्जातंतूही नाहीत. आपल्याला दुःख होते तसे तिला होते, असा याचा अर्थ घेऊ नये. प्रत्येक पेशी आपापल्या भिंतीची खबर ठेवते, जरूर पडल्यास शेजारणीला संदेश देते आणि अशा लक्षावधी पेशींच्या कामातून झाडाचा बचाव होतो.

पावसाने ओढ दिली, की शेतातील पिकाची वाढ थांबते. ते पाहून ‘पीक हरले’, असे आपण म्हणतो. कित्येकदा ते खरेही असते. परंतु कित्येकदा त्या थांबण्यामागे एक शहाणपण असते. उंची वाढविण्याआधी भिंती सावरावयाच्या, असा त्या रोपाचा क्रम असतो. पाऊस परतला, की ज्यांच्या भिंती शाबूत राहिल्या, तीच रोपे पुन्हा डोके वर काढतात.