लाल कांद्याच्या पोटातला पांढरा

नामपूरच्या लिलावात वक्कल एकरंगी दिसलं की बोली चढते. म्हणून मोसम खोऱ्यात बियाण्यासाठी डोंगळे लावायला कांदे निवडताना शेतकरी डोळ्यात तेल घालतो. बारीक मानेचा, गोल, गडद कांदा ठेवायचा. जोड कांदा आणि मधूनच निघालेला पांढरा बाजूला टाकायचा. तरी पुढच्या उळ्यातून, म्हणजे कांद्याच्या बियाण्यातून, पांढरा डोकं वर काढतोच. उळं देणाऱ्याशी भांडण्याआधी जरा हिशेब करू.

कांद्यात रंग येऊ देणारं एक जनुक असतं. त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी धड असली तरी रंग धरतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच कांदा पांढरा. एक धड, एक बिघडलेली असा मिश्र कांदा दिसायला अस्सल लालच. असे दोन एकमेकांत फळले की चारात एक पांढरा. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्यावरून मांडलेलं प्रमाण ते हेच.

समजा, शेतात शंभरात एक पांढरा आहे. म्हणजे दर दहा प्रतींत एक बिघडलेली. त्या हिशेबाने उरलेल्या 99 लालांत सुमारे 18 मिश्र निघतात. पांढरा एक फेकला, 18 डोंगळ्यांत गेले! पुढच्या पिढीत पांढऱ्यांचं प्रमाण 1 टक्क्यावरून जेमतेम 0.83 वर येतं. ते पाव टक्क्यावर आणायला दहा पिढ्या लागतात, आणि कांद्याची पिढी साधारण दोन वर्षांची.

रंग दाबून टाकणारं आणखी एक जनुक आहे, त्याची एकच प्रत कांदा फिका पाडते. ते सोपं. शेजारच्या डोंगळ्यांवरून मधमाशीने ते आणलं तरी पहिल्याच पिढीत उघडं पडतं आणि उपटता येतं. प्रमाणित बियाण्यासाठी ठेवायचं 500 मीटर अंतर अशा पाहुण्यांना अडवतं. घरात बसलेल्या 18 जणांचं काय?

त्यांना पकडायचं तर फुलं उमलण्याआधी गोंड्यावर जाळी बांधायची, त्याचेच पराग त्यालाच ब्रशने लावायचे आणि प्रत्येक कांद्याचं उळं वेगळ्या वाफ्यात टाकायचं. मिश्र कांद्याची 16 लेकरं सगळीच लाल निघण्याची शक्यता शंभरात एक. मात्र स्वपरागणाने कांदा लवकर खंगतो, म्हणून शुद्ध ठरलेल्या पुष्कळ कांद्यांचं उळं एकत्र करावं लागतं.

जोड कांदा आणि चाळीतला टिकाऊपणा यांना मात्र हा चौथाईचा हिशेब लागू होत नाही. तिथे अनेक जनुकं आणि लागवडीचं अंतर, पाणी, हवामान, सगळेच हात घालतात.