मोटर भरून मिळेल

साकीनाक्याहून खैरानी रोडला वळलं की डिझेलच्या धुरातूनही एक वास वेगळा ओळखू येतो. वॉर्निशचा. गोडसर, घशात बसणारा. जिथून तो येतो त्या गाळ्यावर पाटी आहे: ‘मोटर भरून मिळेल’. चक्रीय अर्थव्यवस्थेचे परिसंवाद भरतात ती हॉटेलं इथून फार लांब नाहीत.

आज एका सोसायटीच्या पंपाची 5 हॉर्सपॉवरची मोटर जळून आलीय. जुनं तांबं उपसण्याआधी वाइंडरकाका एका कॉइलचे फेरे मोजतात. 52. पुन्हा मोजतात. 52. मग वहीत लिहितात. ‘‘दोन-चार फेरे खाल्ले तर गिऱ्हाइकाला दिसत नाही,’’ ते म्हणतात, ‘‘पण मोटर तापून सांगते.’’

फेरे कमी पडले की लोखंडावर चुंबकत्वाचा ताण येतो, मोटर रिकामी फिरतानाही जास्त करंट ओढते.

खरा घात मात्र जुनी गुंडाळी काढताना होतो. काहीजण अख्खा स्टेटर, म्हणजे गुंडाळी बसलेला मोटरचा स्थिर भाग, आगीत टाकतात. काम पटकन होतं. पण स्टेटरचा गाभा म्हणजे पातळ पत्र्यांची चळत, पत्र्यापत्र्यावर निरोधक लेप. आच साधारण 370 अंशांच्या वर गेली की तो लेप धोक्यात येतो आणि पुढे वीज नुसती उष्णतेत जाते. साडेसात किलोवॅटच्या मोटरची कार्यक्षमता 90 वरून 89 टक्क्यांवर आली, तर पूर्ण भारावर वर्षाला 4000 तास चालताना सुमारे 375 युनिट वाया. काका कॉइलची डोकी छिन्नीने उडवतात, बेताने शेकतात, पक्कडीने ओढतात. वेळ लागतो. निघालेलं तांबं काट्यावर तोलून भंगारवाल्याकडे जातं, वितळून पुन्हा तार व्हायला.

मरोळच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, तशा इथे येणाऱ्या मोटरीही बदलल्या. आता पाण्याचे पंप जास्त.

खाचांत कागद, कॉइल, वर बांबूची पाचर, मग जोडण्या, वॉर्निश, भट्टी आणि शेवटी निरोधन तपासणारा मेगर.

सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन उभे राहतात. ‘‘काका, टाकी रिकामी आहे. संध्याकाळपर्यंत होईल ना?’’

काका मान वर करत नाहीत. एक हात नुसता उचलतात, दुसऱ्याने फॉर्म्याचं हँडल फिरत राहतं, ओठ हलत राहतात. 49, 50, 51, 52. तार तोडतात.

‘‘हं, काय म्हणत होतात?’’