हृदयाचा लगाम
मज्जातंतूंचे नियंत्रण काढून घेतले, तर तरुण माणसाचे हृदय विश्रांतीतही मिनिटाला सुमारे 100 ठोके देते. एरवी ते 60-80 वर राहते, कारण व्हेगस मज्जातंतू त्याला सतत आवरून धरतो. पोटातील चरबी वाढली की हा लगाम बहुधा सैल पडतो आणि हृदयाला पळवणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर वाढतो. मग सगळा दोष वजनाचाच? मला तसे वाटत नाही. नियमित व्यायामाने, वजन फारसे न घटताही, श्रमानंतरची नाडी लवकर उतरू लागते. यावर कोणी म्हणेल, खेळाडूंची नाडी मंदावते ती हृदयातल्या ठोके निर्माण करणाऱ्या पेशीच बदलल्यामुळे. हे अंशतः खरे आहे. पण थांबल्यावर पहिल्या मिनिटात होणारी घसरण मुख्यतः व्हेगसचे काम. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ही घसरण 12 ठोके किंवा त्याहून कमी असलेल्यांत पुढील सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.