पुढच्या चाकांतील ठकठक

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सुरत जिल्ह्यात पलसाणा येथे पोहोचला की, हजिरा-सुरतेकडून निघून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या वाटेने धुळ्याकडे जाणारा दुसरा महामार्ग त्यास येऊन मिळतो. पहिल्याचा क्रमांक पूर्वी ८ होता, आता ४८ आहे; दुसऱ्याचा ६ होता, तो ५३ झाला. वसई-पालघरकडील कुटुंबे सुरतेस निघाली म्हणजे त्यांना हा फाटा लागतोच. येथे भरधाव महामार्ग सोडून मोटार बाजूच्या रस्त्यावर उतरते, खड्डे व गतिरोधक सुरू होतात, आणि वाऱ्याच्या व इंजिनाच्या घोषात मघापर्यंत दडून बसलेला एक आवाज कानी पडू लागतो: ठक, ठक, ठक.

हा आवाज पुढच्या चाकांकडून येतो एवढेच कळते. कोठून व का, हे कळत नाही. मग काही लोक रेडिओ मोठा करतात; काही जण गॅरेजात जाऊन सांगतात की शॉकअप बदलून टाका. दोन्ही मार्ग आम्हांस सारखेच चुकीचे वाटतात.

शॉकअपवर हा आळ का येतो, हे समजण्यास रचना थोडी पाहिली पाहिजे. कुर्ल्यास बनणाऱ्या जुन्या फियाटीत दर पुढच्या चाकास वर एक व खाली एक असे दोन आर्म असत. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या रचनेत वरचा आर्म नाहीसा झाला. स्प्रिंग व शॉकअप मिळून एकच उभा खांब झाला व त्याचे डोके बॉनेटखाली मोटारीच्या अंगास जोडले गेले. इंग्लंडात फोर्ड कंपनीने १९५० साली कॉन्सल व झेफिर या मोटारींना ही रचना दिली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीबरोबर ती सामान्य कुटुंबांच्या परिचयाची झाली, आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींत तीच आहे. हा खांब डोळ्यांस ठळक दिसतो, म्हणून संशय प्रथम त्यावरच जातो. वास्तविक शॉकअपचे काम स्प्रिंगेचे हिंदोळे थांबविणे हे होय. तो गेला म्हणजे त्यातून तेल पाझरते, मोटार होडीसारखी डुलते. तो कधी ठोकतही असेल. पण नुसत्या ठकठकीवरून त्यास दोषी ठरविणे हा न्याय नव्हे.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे असेच झाले. गावाकडील एका गॅरेजात दोन्ही शॉकअप नवे बसविले, पैसे मोजले, आणि सुरतेच्या वाटेवर आवाज पूर्ववत होता. आम्हीही त्या मोटारीत होतो. पलसाण्याच्या फाट्यानजीक पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी पान्याला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा वाजते की एकच चाक खड्ड्यात जाते तेव्हा? ब्रेक हलका दाबून धरला तर थांबते काय? मोटार जागेवर उभी असता स्टिअरिंग फिरविले तर?

या प्रश्नांतच अर्धे निदान असते. ब्रेक किंचित दाबल्यावर आवाज बंद होत असेल, तर ब्रेकचे पॅड वा कॅलिपर सैल असण्याचा संभव आहे. उभ्या मोटारीत स्टिअरिंग फिरविताना बॉनेटखालच्या खांबाच्या डोक्यावर हात ठेवावा; तेथे धक्का किंवा उसळी जाणवली तर वरचे रबर किंवा बेअरिंग पाहावे. पूर्ण वळवून चालविताना कटकट होत असेल, तर ती बहुधा चाकास फिरविणाऱ्या एक्सलच्या सांध्याची. मोटार सुटताना वा थांबताना एकदाच ठोका बसतो, तेव्हा लोअर आर्मचे बुश व इंजिनाची फाउंडेशने तपासावीत. आणि या सर्वांच्या आधी चाकाचे नट! ते सैल असतील तर पुढचा प्रवासच करू नये.

आमच्या मोटारीत ठोका एका चाकाच्या खड्ड्यावर पडे, सरळ गतिरोधकावर जवळजवळ नाही. ते ऐकून मिस्त्री हसले. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी पोलादी सळई असते; गॅरेजात तिला जंपिंग रॉड म्हणतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर ती नुसतीच फिरते. एक वर व एक खाली गेले म्हणजे तिला पीळ पडतो, आणि मोटार वळणावर कलंडू नये म्हणून ती त्यास विरोध करते. तिच्या दोन टोकांना बोटाएवढ्या जाडीचे लिंक रॉड असतात. त्यांची गोळी झिजली की दर पिळाला ठोका. मिस्त्रींनी दोन्ही लिंक सोडविले, टोके बांधून ठेवली व मोटार त्याच खड्ड्यांतून अगदी हळू नेण्यास सांगितले. आवाज गेला! सबंध पुढच्या भागातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ही एक. आणि तिच्या नावाने दोन शॉकअप बळी गेले होते. पोलादातून नाद दूर जातो, म्हणून डावीकडे ऐकू आलेला ठोका उजवीकडचा निघाला, हेही येथे नमूद करतो.

तथापि लिंक झिजली तर त्रास कानालाच अधिक होतो. बॉल जॉइंटची गोष्ट निराळी. लोअर आर्मच्या टोकाशी चाकाला धरणारी ही गोळी वाटीत ग्रीसमध्ये फिरते व वरून रबरी टोपी असते. टोपी फाटली की पावसाळ्यातील चिखलपाणी आत शिरते, ग्रीस जाते, गोळी खाल्ली जाते. शेवटी ती वाटीतून निसटली तर चाक बाहेर फाकते आणि मोटार कोणाच्याही ताब्यात राहत नाही. मोटारीत लेकरे-माणसे बसलेली असतात. म्हणून लिंक सापडली तरी मिस्त्रींनी हात झटकले नाहीत. अंग जॅकवर उचलून खाली घोडी लावली, लोंबते चाक वर-खाली धरून हलविले. मग आडवे धरून, कारण त्या हालचालीत टाय रॉडचा ढिलेपणा कळतो. वर-खाली हलताना फट जाणवली तर साथीदाराने ब्रेक दाबावा. फट नाहीशी झाली तर चाकाचे बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. जॅकच्या एकट्या आधारावर मात्र कोणीही मोटारीखाली शिरू नये; आमच्या गावांतील तरुण हे हौसेने करतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

लोअर आर्मचे बुश बदलावे लागलेच, तर त्यांचे बोल्ट मोटार आपल्या चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. हवेत लोंबत्या स्थितीत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते, लवकर फाटते आणि तीच ठकठक थोड्या काळाने परत येते. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. लिंक रॉडसाठी त्याची गरज नाही. गॅरेजवाल्याने तो खर्च सांगितला तर कारण विचारावे, आणि जुना काढलेला भाग हातात मागून घेऊन त्याची गोळी स्वतः हलवून पाहावी.