कडी आतून कोण लावणार?

एप्रिल लागला की इंदापूर-बारामतीकडं दोन हालचाली एकदमच दिसतात. साखर कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात आणि ऊसतोडीच्या उरल्यासुरल्या टोळ्या संसार ट्रॅक्टरवर चढवून बीडकडं निघालेल्या असतात. त्याच दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पटांगणात मांडव पडतो आणि जूनमध्ये पहिलीला बसणाऱ्या पोरांचा मेळावा भरतो. 'पहिले पाऊल' असं या शाळापूर्व तयारी अभियानाचं नाव. २०२२ पासून ते राज्यभर चालू आहे. एक मेळावा सुट्टीच्या आधी, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. मधल्या दिवसांत गावातल्या आया गटागटानं बसतात आणि पोरांकडून घरच्या घरी थोडं थोडं करून घेतात.

नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या एका गावात मी हा मेळावा पाहिला, आणि मग तिथल्या अंगणवाडीत आणि मातागटातही जाऊन बसत राहिले.

मेळाव्यात सात टेबलं असतात. पहिल्यावर नावनोंदणी, शेवटच्यावर पालकांशी बोलणं, आणि मधल्या पाचांवर मुलाच्या शरीराची, बुद्धीची, चारचौघांत मिसळण्याची, भाषेची आणि अंकांआधीच्या तयारीची चाचपणी. दोरीवरून उडी मारायची, कागदाला घडी घालायची, लहान-मोठं ओळखायचं. प्रत्येक ठिकाणची नोंद विकासपत्रात होते. आया पाठीमागून ढकलत असतात, पोरं पदर सोडत नाहीत, फुगे फुटत असतात. या सगळ्या गलबल्यात भाषेचं टेबल त्यातल्या त्यात शांत. तिथं पोरापुढं एक चित्र ठेवतात आणि म्हणतात, सांग बरं, काय चाललंय इथं?

चित्र होतं आठवडी बाजाराचं. समोर उभा असलेला मुलगा गप्प. मागून आई हळूच म्हणाली, "सांग की. कांदा, टमाटं, वांगी... घरी किती पाठ म्हणतोस!" बाईंनी तिला हातानंच थांबवलं आणि स्वतःही काही बोलल्या नाहीत. बराच वेळ गेला. मग त्या मुलानं कांद्या-टोमॅटोच्या पाट्या ओलांडून थेट चित्राच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं गर्दीत एक लहान मुलगी एकटीच उभी होती. "हिची आई कुटंय?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" आणि मग तो सुटला. आई बांगड्या भरायला बसली असंल, हिला वाटलं हरवली, आता ती रडंल, मग पोलीस येतील, मग माइकवर नाव पुकारतील. इंदापूरच्या बाजारात त्यानं हे कधीतरी ऐकलेलं असणार.

आईनं त्याची तयारी करून घेतली होती नावांची. चित्रानं त्याच्याकडून काढून घेतली ती काळजी. शाळेसाठी खरी तयारी ही दुसरी आहे, असं माझं ठाम मत या गावात बसून बसून झालंय.

आपल्याकडं लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक म्हटलं की बहुतेक घरांत तक्ताच डोळ्यापुढं येतो. एका चौकटीत एक वस्तू, खाली तिचं नाव. बारामतीच्या दुकानांत अशा पुस्तकांच्या थप्प्या असतात आणि वस्तीवरून कामाला येणारी बाईसुद्धा पोराच्या हट्टाखातर एखादं घेऊन जाते. ती आई चुकत नाही. तिला पोरगं शिकायला हवंय आणि दुकानदार तिला हेच देतो. पण तक्त्यात काही घडत नाही. वस्तू ओळखली, नाव घेतलं, विषय मिटला. चित्रपुस्तकात कुणीतरी कुठंतरी निघालेलं असतं, काहीतरी सांडतं, हरवतं, सापडतं, आणि पान उलटल्याशिवाय ते कळत नाही.

त्या गावची अंगणवाडी एका खोलीची आहे. सेविकाताई सकाळी वजनकाटा, हजेरी, मोबाइलवरच्या 'पोषण ट्रॅकर'मधली नोंद हे सगळं उरकतात, मदतनीस खिचडी चढवते, आणि तेवढ्या वेळात ताई सतरंजीवर पोरांचा अर्धगोल करून पुस्तक काढतात. पुस्तक त्या स्वतःपुढं धरत नाहीत. खांद्याशेजारी, पोरांकडं तोंड करून धरतात आणि स्वतः मान वळवून तिरपं पाहतात. आधी नुसतं मुखपृष्ठ, आणि त्यावर एकही शब्द न बोलता थांबायचं. पोरंच सुरू करतात.

पहिले काही दिवस मला वाटायचं, तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्र तर आपोआपच कळतं, त्यात शिकायचं काय? ताईंच्या शेजारी बसल्यावर दिसलं की तेही शिकावं लागतं. एका पानावर बैल अर्धाच काढलेला होता, मागचा भाग पानाबाहेर. नुकतीच येऊ लागलेली एक मुलगी घाबरून म्हणाली, "ह्याचं पाय तोडलं?" ताईंनी उत्तर दिलं नाही. पुस्तक दाराच्या चौकटीआड सरकवलं, अर्धंच दिसेल असं, आणि विचारलं, "आता पुस्तक तुटलं का?" दुसरा एक मुलगा प्रत्येक पानावर तोच कुत्रा पाहून "अजून एक कुत्रं" असं मोजत होता. पान बदललं तरी कुत्रा तोच आहे, तोच पळत पळत पुढं आलाय, हे त्याला बऱ्याच दिवसांनी उमगलं. पान उजवीकडून उलटायचं, गोष्ट डावीकडून उजवीकडं चालते, आधीचं आणि नंतरचं अशी एक ओळ असते, हेही सगळं याच सतरंजीवर अंगात भिनतं. पुढं पहिलीत अक्षरांची ओळ याच दिशेनं जाणार असते.

ताईंच्या प्रश्नांकडं मी विशेष लक्ष दिलं. "हे काय आहे?" असं त्या फारसं विचारतच नाहीत. "हा कुठं निघाला असंल?", "हिचं तोंड असं का झालंय?", "आता काय होणार?" असे त्यांचे प्रश्न. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास छापला होता. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी शिकवलं ते इतकंच: चित्रपुस्तक वाचताना मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्याला धरून पुढं बोला. महिन्याभरातच ती मुलं बोलण्यात त्यांच्या बरोबरीच्या मुलांच्या बरीच पुढं गेलेली दिसली. ताईंना हा अभ्यास ठाऊक नाही. त्या तिथवर आपल्या वाटेनं पोचल्या आहेत, आणि आणखी एक गोष्ट त्या करतात जी मला त्याहून मोलाची वाटते. मूल "कुटं", "न्हाय", "व्हतं" म्हणतं तेव्हा त्या त्याला सुधारत नाहीत. "हां, तिकडं व्हतं व्हय!" म्हणून पुढं नेतात. उसाचं वाढं, वैरणीची पेंढी, डालग्याखालची पिल्लं हे शब्द त्या खोलीत मानानं वावरतात. घरची भाषा आत येऊ दिली की मूल आत येतं. दारातच तिच्यावर खोडरबर फिरवला की ते गप्प होतं आणि पुढं वर्षभर बाईंना वाटतं की याला काही येत नाही.

मराठीत चांगली चित्रपुस्तकं आहेत, आणि हे पुण्या-मुंबईबाहेरच्या पालकांपर्यंत पोचत नाही याचं मला फार वाईट वाटतं. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या 'यश' मालिकेत 'मोठी शाळा' नावाचं पुस्तकच आहे. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात; ताई कधीकधी त्या मोबाइलवर दाखवतात. पण एका मोबाइलभोवती वीस डोकी जमत नाहीत. शिवाय मोबाइलचं पान बोटानं सरकतं, ते धरून थांबणं, पुन्हा मागं जाऊन "इथं बघ" असं म्हणणं कागदाच्या पानाइतकं सहज होत नाही. अनेक गावांतून ऐकलेली आणखी एक गोष्ट: पुस्तकं येतात आणि कपाटात कुलूपबंद होतात. फाटली तर हिशेब कुणी द्यायचा, ही भीती असते. इथं ताईंनी भिंतीवर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं पोरांच्या उंचीवर टांगली आहेत. फाटतात. चिकटपट्टी लावायचं काम पोरांकडंच आहे आणि त्यासाठी भांडणं होतात.

मात्र या गावात सर्वांत जास्त हाताळलं गेलेलं पुस्तक कुठल्या प्रकाशकाचं नाही. ते मातागटानं बनवलं. मेळाव्यानंतर आया मारुतीच्या देवळापुढं जमायच्या. तिथं एकजण म्हणाली, पोरगं शाळेत जायला तयारच नाही, का ते सांगत नाही. तेव्हा ताईंनी सुचवलं, शाळेचंच पुस्तक करू. मोबाइलवर फोटो काढले: फाटक, चपला काढायची जागा, पहिलीचा वर्ग, बाई, पाण्याची टाकी, खिचडीची पातेली, संडासाचं दार, घंटा. इंदापुरात छापून आणले, पुठ्ठ्यावर चिकटवले, वरून पारदर्शक कागद, एका बाजूला भोकं पाडून जाड दोरा ओवला. एकही अक्षर लिहिलं नाही. पानांचा क्रम मात्र बराच वेळ ठरेना. शेवटी चुलीवरच्या भाकरीच्या फोटोपासून सुरू करायचं आणि फाटकात उभ्या असलेल्या आईपाशी संपवायचं असं ठरलं.

मग ते पुस्तक पोरांपुढं उघडलं. वर्गाच्या पानावर, फळ्याच्या पानावर पोरं फारशी रेंगाळली नाहीत. संडासाच्या दारावर मात्र सगळी थबकली. आत अंधार असतो का? मोठी पोरं दार ढकलतात का? आणि ज्या मुलाला शाळा नको होती त्यानं विचारलं, "कडी आतून कोन लावनार?" घरी दाराला पोत्याचा पडदा, कडी त्यानं कधी लावलेलीच नव्हती, आणि आत अडकून पडू ही धास्ती घेऊन तो महिनाभर बसला होता. आई त्याला बाराखडी म्हणायला लावत होती. दुसऱ्या दिवशी ती त्याला सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत घेऊन गेली आणि दोघं कडी लावत-उघडत बसली.

दुसरा ठरलेला प्रश्न शेवटच्या पानावरचा. "ही कवा आली?" म्हणजे आई फाटकाशी आली ती किती वेळानं? यावर आयांत चर्चा झाली आणि आईच्या पानाआधी खिचडीचं पान सरकवलं गेलं. खिचडी झाली, मग खेळ झाला, मग घंटा झाली, मग आई. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला दिवस असा मोजून देता येतो.

मुलाच्या आसपासच्याच गोष्टींतून शिकवण्याचं हे काम या मातीत नवं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगरला नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले हाती घेतले. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून हे काम कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांत चाललं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे सतरंजीवरची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हा एकच प्रवास धरला आहे. कागदावर हे फार चांगलं झालं. पण तो प्रवास घडवणाऱ्या सेविकेच्या दिवसातला गोष्टीचा वेळ नोंदी भरण्यात जातो, आणि त्या नोंदींत गोष्ट सांगितल्याला वजनाइतकी किंमत नाही. ही किंमत वाढायला हवी.

पण हा सगळा हिशेब झाला गावच्या पोरांचा. भवानीनगर, बिजवडी, माळेगावच्या कारखान्यांभोवती दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यातली तीन ते सहा वयाची मुलं पहाटे आईबापांबरोबर फडात जातात, पाचटावर झोपतात. शाळा-अंगणवाडी भरते तेव्हा ती तिकडं असतात, आणि मेळावा भरतो तेव्हा ती परतीच्या रस्त्याला लागलेली असतात. ताईंनी त्यांतल्या काहींना हंगामात सतरंजीवर आणून बसवलं होतं. त्यांच्यासाठी मातागटाच्या 'आमची शाळा' या पुस्तकाचा काही उपयोग नव्हता. ती त्यांची शाळा नव्हतीच. मग त्यांच्याकडूनच एक वेगळं पुस्तक झालं. पोरांनी बैल, टायरगाडी, कोयता, मोळी, कोपी असं कोळशानं आणि खडूनं काढलं, ताईंनी पानं ओवली. त्यात एका मुलीनं सर्वांत मोठं काढलं होतं ते पाळण्यातलं लहान भावंड, आणि त्यामागं अगदी बारीक, स्वतःला. टोळी निघाली तेव्हा ते पुस्तक तिच्याबरोबर गेलं. गावाकडच्या अंगणवाडीत दाखव, असं ताईंनी तिच्या आईला तीन-तीनदा सांगितलं.

यंदाच्या मेळाव्याआधी मातागटाची बैठक झाली. 'आमची शाळा'ची पानं बदलायची आहेत, कारण शाळेला रंग दिलाय आणि फाटकही नवं बसवलंय. जुना फोटो पाहून पोरं "ही आपली न्हाय" म्हणतात. दोन पानं वाढवायची ठरली आहेत. एक बाईंना लघवीला जाऊ का असं विचारणाऱ्या मुलाचं, कारण गेल्या जूनमध्ये तिघांनी न विचारता चड्डी ओली केली. दुसरं वस्तीवरून येणाऱ्या मुलांच्या वाटेचं, कालव्याच्या पुलासकट. पुलाचा फोटो सकाळी काढायचा की शाळा सुटताना, यावर अजून एकमत झालेलं नाही; सकाळी ऊन पाण्यावर चमकतं आणि पुलाचा कठडाच दिसत नाही, असं एका आईचं म्हणणं आहे.